रस्त्याकडेचं सिमेंटचं बदक

न्यू यॉर्क शहराला लागून पूर्वेकडे एक लांबोडकं बेट अटलांटिक समुद्रात शिरलं आहे. त्याचं नावच लाँग आयलंड. पूर्वेच्या टोकाला या बेटाचे माशाच्या शेपटीसारखे दोन फाटे होतात. जिथे ते फुटतात तिथे रिव्हरहेड नावाचं गाव आहे. तिथून दक्षिणेच्या फाट्याकडे जाणाऱ्या २४ नंबरच्या रस्त्यावर, फ्लँडर्स या वस्तीत, कडेला एक पांढरंशुभ्र बदक बसलेलं आहे. वीस फूट उंच आणि चोचीपासून शेपटीपर्यंत तीस फूट लांब. आपल्याकडच्या दुमजली घराची उंची डोळ्यांसमोर आणा म्हणजे कल्पना येईल. बदकाची चोच केशरी आहे, मान किंचित ताठ आहे आणि छातीला चक्क दार आहे.

१९३१ साली हे बदक बांधलं गेलं ते बागेच्या शोभेसाठी नाही, की मुलांच्या खेळासाठी नाही. ते दुकान होतं. कसलं दुकान, हे विचारायची गरज कुणालाच पडत नसे, आणि दुकानदाराला तेच हवं होतं. आत साफ केलेली बदकं आणि बदकाची अंडी मिळायची.

या बदकावर मी का लिहितो आहे ते आधी सांगतो. मी पाट्या रंगवणारा माणूस. बेळगावात पस्तीस वर्षं हाच धंदा केला. खडेबाजारात आणि गणपत गल्लीत एके काळी माझ्या हातचे बरेच बोर्ड होते. मुलगा नोकरीनिमित्त लाँग आयलंडवर राहतो. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो की तो उत्साहाने फिरवतो. उंच इमारती आणि मोठे पूल बघून झाल्यावर एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, आज तुमच्या धंद्यातलं काहीतरी दाखवतो." आणि दोन तास गाडी चालवून त्याने मला या बदकासमोर उभं केलं. सूनबाई हसत होत्या, नातू बदकाच्या पोटात शिरायला धावला होता, आणि मी मात्र गिलावा कुठून कुठे जोडला आहे ते शोधत त्याच्याभोवती फिरत होतो. घरी आल्यावर या बदकाची सगळी कुंडली काढली. ती मोठी गमतीची आहे आणि काही ठिकाणी जिवाला लागणारीही.

बदकाचा मालक मार्टिन मॉरर. रिव्हरहेडजवळ बदकं पाळायचा त्याचा धंदा होता. तो काळ लक्षात घ्या. १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली. पण त्याच्या आधीच्या वीस वर्षांत आणखी एक गोष्ट घडली होती. हेन्री फोर्डच्या कारखान्याने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी जातीच्या सुमारे दीड कोटी गाड्या विकल्या होत्या. शेतकऱ्याकडे, शाळामास्तराकडेसुद्धा गाडी आली. रविवारी बायकामुलांना घेऊन गावाबाहेर चक्कर मारायची टूम निघाली. रस्ते डांबरी झाले आणि रस्त्यांच्या कडेला खाण्यापिण्याच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. शेतातला माल मधल्या दलालाला न देता थेट गाडीवाल्याला विकायचा, हा विचार त्यातूनच आला.

पण गाडीवाला थांबायला हवा ना! पायी जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानासमोर रेंगाळायला वेळ असतो. टांगेवाल्यालाही असतो. गाडीवाल्याला नसतो. आम्हा पेंटर लोकांचा एक ढोबळ हिशोब आहे. एक इंच उंचीचं अक्षर साधारण पंचवीस फुटांवरून नीट वाचता येतं. म्हणजे सहा इंची अक्षर दीडशे फुटांवरून. आता ताशी चाळीस मैलांनी गाडी चालली असेल तर ती सेकंदाला जवळजवळ साठ फूट पुढे जाते. म्हणजे तुमची पाटी वाचून, मनात विचार करून, बायकोला विचारून, ब्रेक दाबायला त्या माणसाच्या हातात अडीच सेकंद उरतात. तेवढ्यात दुकान मागे गेलेलं असतं. मग मागे वळून कोण येतो?

यावर अमेरिकन दुकानदारांनी शोधलेला उपाय असा, की पाटीच काढून टाकायची आणि दुकानालाच मालाचा आकार द्यायचा. पेनसिल्व्हेनियातल्या बेडफर्ड गावात १९२७ मध्ये कॉफीच्या किटलीच्या आकाराचं उपाहारगृह उभं राहिलं. मॅसॅच्युसेट्समधल्या टाँटन गावात १९३३ मध्ये चाळीस फूट उंच दुधाची बाटली बांधून तिच्यातून आईस्क्रीम विकलं गेलं. लॉस एंजेलिसमध्ये तर १९२६ पासून टोपीच्या आकाराचं हॉटेल होतं. तिथे टोप्या मिळत नव्हत्या, जेवण मिळत होतं, त्यामुळे माझ्या मते ते या पंगतीत बसत नाही. पण लोकांच्या लक्षात राहिलं, हे खरं.

मॉरर नवरा-बायको कॅलिफोर्नियाला फिरायला गेले होते, तिथे त्यांनी असंच किटलीच्या आकाराचं कॉफीचं दुकान पाहिलं आणि हा विचार डोक्यात घेऊन ते परत आले, असं सांगतात. किटलीत कॉफी, मग बदकात बदक का नको?

आता कल्पना सुचणं वेगळं आणि वीस फुटी बदक उभं करणं वेगळं. मॉररने जॉर्ज रीव्ह नावाच्या सुताराला हाताशी धरलं आणि विल्यम व सॅम्युअल कॉलिन्स या दोघा भावांना बोलावलं. हे दोघे भाऊ नाटकांचे देखावे तयार करणारे! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून बसलो. कारण आपल्याकडेही असंच आहे. दुकानाचा बोर्ड रंगवणारा आणि नाटकाचा पडदा रंगवणारा हे बऱ्याचदा एकच घराणं असतं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटक मंडळ्यांचे पडदेच रंगवत होते. आणि आपल्या बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ ज्यांनी केले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, की बांबूचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर कागद आणि खळ, वरून रंग, एवढ्या सामानात रात्रीतून अख्खा रायगड उभा करता येतो. फरक एवढाच, की आपला रायगड मिरवणुकीपुरता असतो आणि मॉररला वर्षानुवर्षं उन्हापावसात, बर्फात टिकणारं बदक हवं होतं.

त्यांनी काय केलं, तर आधी लाकडाचा सांगाडा केला. त्यावर लोखंडी जाळी ताणून ठोकली आणि जाळीवर सिमेंटचा गिलावा चढवला. गोलाई मिळवायची ही नामी रीत आहे. जाळी हवी तशी वाकते, आणि सिमेंट एकदा धरलं की वाकलेली जाळी त्याला फुटू देत नाही. आकार नेमका यावा म्हणून त्यांनी एक जिवंत बदक दोरीने बांधून समोर ठेवलं होतं. आतली हाडं कशी बसतात ते कळावं म्हणून शिजवलेल्या कोंबडीचा सांगाडाही समोर ठेवला होता, असंही सांगतात. खरंच असणार. चित्ररथातला घोडा करायचा तर टांग्याच्या अड्ड्यावर जाऊन तासभर घोडा बघून या, असं आमचे गुरुजी सांगायचे. डोक्यातून काढलेला घोडा गाढवासारखा दिसतो.

डोळ्यांची युक्ती तर मला फारच आवडली. डोळ्यांच्या जागी त्यांनी मॉडेल टी गाडीचे मागचे लाल दिवे बसवले. ज्या गाडीने हे गिऱ्हाईक रस्त्यावर आणलं, तिचेच दिवे बदकाला! रात्री ते लाल डोळे चमकत असत. दिवसा आकार बोलावणार, रात्री डोळे.

१९३१ च्या जूनमध्ये दुकान सुरू झालं आणि मॉररची युक्ती लागू पडली. लोक थांबायला लागले. ज्यांना बदक घ्यायचं नव्हतं तेही फोटो काढायला थांबत, आणि थांबलेला माणूस अंडी तरी घेऊन जातोच. ॲटलस सिमेंट कंपनीने आपल्या १९३२ च्या कॅलेंडरवर हे बदक छापलं. सिमेंटमधून काय होऊ शकतं याची याहून चांगली जाहिरात त्यांना कुठे मिळणार होती? पाच-सहा वर्षांतच मॉररने हे बदक रिव्हरहेडहून सुमारे चार मैलांवर फ्लँडर्सच्या आपल्या नव्या जागेत हलवलं. दुकान हलवायचं म्हणजे सामान हलवायचं, ही आपली समजूत. इथे अख्खं दुकानच उचलून नेलं. या बदकाचा हा पहिला प्रवास, पण शेवटचा नव्हे.

एक गोष्ट पेंटर म्हणून सांगतो. असं बदक उभं केलं की पाटीवरच्या अक्षराचं वळण, रंगाची जुळणी, शेड, काहीच लागत नाही. कोणत्या भाषेत लिहायचं, वर कोणती लिपी आणि खाली कोणती, हा प्रश्न तर मुळातच उरत नाही. बेळगावच्या पेंटरला याचं केवढं अप्रूप वाटत असेल, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

तसं पाहिलं तर ही युक्ती आपल्याला अगदी नवीन नाही. किल्लीवाल्याच्या टपरीवर हातभर लांबीची पत्र्याची किल्ली टांगलेली आपण पाहिली आहे. दात बसवणाऱ्याकडे भली मोठी कवळी आणि चष्मेवाल्याकडे डोळ्यांसकट रंगवलेला चष्मा असायचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं, हा त्यामागचा हेतू. मी स्वतः अशा किल्ल्या कापल्या आहेत, कवळ्या रंगवल्या आहेत. आणि रसवंतीचं काय? उसाच्या चरकाला बांधलेले घुंगरू ही तर कानांसाठी लावलेली पाटी. उन्हाळ्यात दुपारी एसटी थांबली की डोळे मिटलेल्या माणसालाही कळतं, रस मिळतो आहे. मॉररने तीच गोष्ट वीस फूट उंच केली.

पण सगळ्यांनाच हे आवडलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रस्त्यांच्या कडेला जाहिरातींचा आणि दुकानांचा असा काही सुकाळ झाला, की जाणत्या लोकांना त्याचा वीट आला. पीटर ब्लेक नावाच्या वास्तुविशारदाने १९६४ मध्ये एक पुस्तक काढलं. त्याचं नाव 'गॉड्स ओन जंकयार्ड', म्हणजे देवाचं स्वतःचं भंगारखातं! अमेरिकेचा निसर्ग माणसाने कसा विद्रूप केला, हे त्यात फोटो देऊन दाखवलं होतं. त्या फोटोंत आपलं हे बदकही होतं. बिचारं तीस-पस्तीस वर्षं इमानाने अंडी विकत होतं, आणि एकाएकी कचऱ्यात जमा झालं.

पुढची गंमत अशी, की याच पुस्तकातला फोटो आणखी काही वास्तुविशारदांच्या नजरेत भरला. रॉबर्ट व्हेंचुरी, त्यांच्या पत्नी डेनिस स्कॉट ब्राउन आणि सहकारी स्टीव्हन आयझनूर या तिघांनी १९७२ मध्ये 'लर्निंग फ्रॉम लास व्हेगास' हे पुस्तक लिहिलं. लास व्हेगास म्हणजे जुगाराचे अड्डे आणि दिव्यांच्या लखलखत्या पाट्या यांचं शहर. तिथे येल विद्यापीठाचे विद्यार्थी घेऊन हे लोक गेले आणि रस्त्याकडेच्या पाट्यांचा गंभीरपणे अभ्यास करून आले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. इमारती दोन प्रकारच्या असतात. एक, जिचा सगळा आकारच काहीतरी सांगण्यासाठी वाकवलेला असतो. तिला त्यांनी नाव दिलं 'डक', म्हणजे बदक, ते याच लाँग आयलंडच्या बदकावरून. आणि दुसरी, जी साधी चार भिंतींची शेड असते आणि जिच्यावर किंवा जिच्यापुढे पाटी लावून, नक्षी काढून जे सांगायचं ते सांगितलेलं असतं. तिला ते 'सजवलेली शेड' म्हणतात.

जगभरच्या वास्तुशास्त्राच्या कॉलेजांत आज हे दोन शब्द शिकवले जातात. बदकाला बढतीच मिळाली म्हणायची. पण बारकाईने वाचलं तर या तिघांचा कौल बदकाच्या बाजूने नव्हता. त्यांचा रोख होता तो त्या काळच्या नामवंत आधुनिक इमारतींवर. आम्ही नक्षी करत नाही, आम्ही पाटी लावत नाही, असं म्हणणारे मोठमोठे वास्तुविशारद अख्खी इमारतच तिरपी-वाकडी करून तिचा देखावा करतात. म्हणजे त्यांनी बदकच बांधलं की, फक्त ते कबूल करत नाहीत! त्यापेक्षा साधी शेड बांधा आणि वर झकास पाटी लावा, असं यांचं म्हणणं. आयुष्यभर साध्या शेडवर पाट्या लावणारा मी. आपल्या बाजूने कुणी इतक्या मोठ्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे, हे मला सत्तरीत कळलं. व्हेंचुरींना पुढे १९९१ मध्ये प्रिट्झकर हा वास्तुकलेतला सर्वांत मोठा पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये ते गेले.

भारतात अस्सल बदक पाहायचं असेल तर हैदराबादला जा. तिथल्या आपल्या वाचकांनी तर येता-जाता पाहिलंच असेल. राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाचं कार्यालय, २०१२ मध्ये सुरू झालेलं, सरळ माशाच्याच आकाराचं आहे. गोल डोळे, पंख, शेपटी, सगळं जागच्या जागी. रात्री निळा दिवा सोडला की तो मासा पाण्यात पोहत असल्यासारखा दिसतो. लोक हसतात, फोटो काढतात. पण तिथे कसलं कार्यालय आहे हे त्या रस्त्यावरच्या कुणाही रिक्षावाल्याला विचारा. इतर किती सरकारी कार्यालयांबद्दल असं म्हणता येईल?

असो. फ्लँडर्सला परत येऊ. पुस्तकातलं बदक मोठं होत होतं, तेव्हा रस्त्यावरच्या बदकाचे दिवस मात्र भरत आले होते. १९८४ मध्ये तिथली विक्री बंद झाली. जागेवर नवं बांधकाम येणार असं दिसू लागलं, तेव्हा त्या वेळच्या मालकाने हे बदक पाडायचं सोडून सफोक काउंटीला दान केलं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. १९८८ मध्ये पुन्हा एकदा ते उचललं गेलं आणि काही मैलांवरच्या काउंटीच्या एका उद्यानाच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत त्याची नोंद झाली. आपल्याकडे एखादं जुनं देऊळ किंवा वाडा संरक्षित करतात, तसंच. अंडी विकायचं दुकान!

पण फ्लँडर्सच्या लोकांना चैन पडेना. बदक त्यांच्या रस्त्यावरचं. पत्ता सांगताना बदकाच्या अलीकडे, बदकाच्या पलीकडे, असं सांगायची सवय लागलेली. ते दुसरीकडे नेलं म्हणजे रस्त्याचीच ओळख गेली. जुनी जागा साउथहॅम्प्टनच्या स्थानिक प्रशासनाने घेतली, आणि २००७ च्या ऑक्टोबरमध्ये बदक ट्रेलरवर बसून आपल्या घरी परतलं. मंगल कार्याला माहेरवाशीण यावी तसे लोक रस्त्याच्या कडेला उभे होते. मी तेव्हाचे फोटो पाहिले आहेत. एवढं थोरलं बदक झाडांमधून वाट काढत रस्त्याने चाललं आहे आणि मागे गाड्यांची रांग, हे दृश्य बघून हसूही येतं आणि गळाही दाटतो.

गळा दाटायचं कारण दुसरंच आहे. या बदकाने ज्या मालाची पाटी म्हणून जन्म घेतला, तो माल आता तिथून जवळजवळ संपला आहे.

लाँग आयलंडवरची पांढरी बदकं मुळात चीनमधली. १८७३ मध्ये काही मोजके पक्षी जहाजातून अमेरिकेत आले आणि लाँग आयलंडच्या रेताड जमिनीत, ओढ्या-खाड्यांच्या काठी त्यांचा वंश फोफावला. बदकाला पाणी लागतं, निचऱ्याची जमीन लागते आणि पाळणाऱ्याला बाजारपेठ लागते. पाणी आणि रेती इथे होतीच, आणि रेल्वेच्या अंतरावर न्यू यॉर्क होतं. १९३० च्या दशकाच्या अखेरीला एकट्या सफोक काउंटीत सुमारे नव्वद बदकपालन केंद्रं होती. हॉटेलांच्या पदार्थांच्या यादीत 'लाँग आयलंड डकलिंग' असं गावाचं नाव लावून ते विकलं जायचं. आपण गोकाकचा करदंट म्हणतो, बेळगावचा कुंदा म्हणतो, तसं.

मग हे सगळं गेलं कुठे? एकच कारण सांगून भागणार नाही. हजारो पक्ष्यांची घाण ओढ्यांतून खाडीत जायची. १९५० च्या दशकात खाडीचं पाणी शेवाळाने हिरवं झालं आणि शिंपल्यांचा धंदा बसला. तिकडच्या कोळ्यांच्या दृष्टीने बदकवालेच गुन्हेगार, आणि त्यांचं चूकही नव्हतं. पुढे सांडपाण्याचे नियम कडक झाले. ते पाळायचे तर खर्च आला. त्यातच शहर पूर्वेकडे पसरत गेलं. हॅम्प्टन भागात न्यू यॉर्कच्या धनिकांचे बंगले झाले आणि पाण्याकाठच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. बदकं पाळून वर्षभरात जे मिळायचं ते जमीन विकून एका सहीत मिळत होतं. मुलांनाही पहाटे उठून बदकांना खाणं घालायचं नव्हतं. एकेक करत केंद्रं बंद पडली.

शेवटी मोठं असं एकच उरलं. अक्वेबोग या गावातलं क्रेसेंट डक फार्म, १९०८ मध्ये एकाच कुटुंबाने सुरू केलेलं आणि त्याच कुटुंबाने चालवलेलं. वर्षाला सुमारे दहा लाख बदकं तिथून जायची. २०२५ च्या जानेवारीत तिथे बर्ड फ्लू शिरला. रोग पसरू नये म्हणून जवळजवळ ९९ हजार बदकं मारून टाकावी लागली. शंभरावर वर्षं निवडून-निवडून जपलेलं वाण होतं ते. त्यातून काही हजार अंडी निर्जंतुक करून वाचवली गेली आणि ती उबवून त्याच वाणाची पिल्लं मिळाली, म्हणून आशेला जागा राहिली. कोंबड्या पाळणारे आपले वाचक समजतील, एका दिवसात खुराडी रिकामी होणं म्हणजे काय ते.

ही बातमी मुलाने मला फोनवर वाचून दाखवली. तेव्हा मला खरं सांगायचं तर त्या सिमेंटच्या बदकापेक्षा माझाच बाजार आठवला. तिकडे माल गेला आणि पाटी राहिली. इकडे उलटं झालं. दुकानं आहेत, माल आहे, गिऱ्हाईक आहे, पण पाटी रंगवणारा गेला. २००० नंतर दोन-चार वर्षांतच बेळगावात डिजिटल फ्लेक्सची मशिनं आली. आम्हाला एक बोर्ड करायला तीन दिवस लागायचे. आधी पत्रा घासायचा, अस्तर मारायचं, सुकू द्यायचं, खडूने रेघा आखायच्या, मग अक्षर. फ्लेक्स तासाभरात हातात मिळायचा आणि दरही निम्म्याच्या खाली. गिऱ्हाइकाला दोष देण्यात अर्थ नव्हता. माझ्याबरोबर ब्रश धरणाऱ्यांपैकी कुणी घरं रंगवायला लागले, कुणी गाड्यांचे नंबर टाकायला लागले. एकाने फ्लेक्सचंच दुकान काढलं आणि त्याचं बरं चाललं आहे.

महामार्गाचंही तसंच झालं. पुणे-बेंगळूर रस्ता सुवर्ण चतुष्कोण योजनेत चौपदरी झाला तेव्हा निपाणीपासून काकतीपर्यंत रस्त्याला चिकटून असलेल्या किती चहाच्या टपऱ्या, रसवंत्या, खानावळी मागे सरल्या किंवा उठल्याच. रस्ता उत्तम झाला, अपघाती वळणं गेली, कोल्हापूर जवळ आलं, यात शंकाच नाही. पण ताशी शंभर किलोमीटरच्या गाडीतून हाताने रंगवलेली 'येथे गरम भजी मिळतील' ही पाटी कुणाला दिसणार? मॉररला चाळीस मैलांचा वेग भारी पडला होता, आपल्याला साठ मैलांचा पडला. त्याने बदक बांधलं. आपल्याकडे आता मोठ्या हॉटेलांनी उंच खांबांवर दिव्यांच्या पाट्या उभ्या केल्या आहेत, आणि छोटी टपरी आतल्या रस्त्यावर ओळखीच्या गिऱ्हाइकावर चालते आहे.

त्या बदकाच्या छातीतल्या दारातून आत गेलं की एक छोटीशी खोली लागते. बाहेरून एवढं मोठं दिसतं आणि आत चार-सहा माणसांत गर्दी होते. आता तिथे बदकाचं मांस मिळत नाही, अंडीही नाहीत. बदकाचं चित्र असलेले कप, टी-शर्ट, रबरी बदकं आणि जुने फोटो आहेत. शेजारी लाँग आयलंडच्या बदकपालनाची माहिती देणारं छोटं प्रदर्शन आहे. बदक बघायला पैसे लागत नाहीत. दर वर्षी डिसेंबरच्या सुमारास त्याच्या गळ्यात हिरवा हार घालून दिव्यांच्या माळा लावतात. शाळेची मुलं येऊन नाताळच्या गाण्यांत बदक घुसवून गातात, असं सूनबाईंनी सांगितलं.

न्यू यॉर्कच्या बाजूला मुलाबाळांकडे जाणाऱ्यांची संख्या आपल्या भागातही आता कमी नाही. तीन आठवडे घरात टीव्ही बघून कंटाळा आला, तर गाडी काढायला सांगा. रिव्हरहेडच्या चौकातून २४ नंबरचा रस्ता धरायचा. पुढे कुणाला विचारावं लागत नाही. आणि गेलात तर उजव्या पंखाच्या खालचा गिलावा जरा हात लावून बघा. नव्वद वर्षांहून जुनं काम आहे, पण रंगाचा हात ताजा असतो. ते बदक कुणीतरी अजून ब्रशनेच रंगवत असणार. फ्लेक्स त्याच्या गोलाईवर बसणारच नाही.